इसे जिंगूला जाताय? मग पहाटेचं जा

जपानातल्या इसेच्या मुख्य देवळासमोर आईनं माझा हात धरून हळूच विचारलं होतं, "अगं, पण देवी कुठाय?" समोर एक लाकडी दार, दारावर पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना उंच कुंपण. कुंपणाच्या आत आणखी कुंपण, अशी एकूण चार. त्यांच्यापलीकडे, आपल्याला दिसणार नाही अशा ठिकाणी, सूर्यदेवी आमातेरासूचा पवित्र आरसा आहे अशी श्रद्धा. तो कुणालाच दाखवत नाहीत. पडद्याच्या अलीकडे उभं राहायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं आणि बाजूला व्हायचं.

मी नऊ वर्षं नागोयात राहते आणि घरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला इसेला नेते. आपण दर्शनाची सवय घेऊन जातो. देव बघायचा, देवानं आपल्याला बघायचं, डोळे भरून आले की दर्शन झालं. इसेला ही सवय पुलाच्या अलीकडे ठेवावी लागते. ते कुणी आधी सांगितलं नाही, तर माणूस हिरमुसून परततो. माझंही पहिल्या खेपेला तेच झालं. मे महिन्याच्या सलग सुट्ट्या, दुपारी एकची वेळ, पुढे माणसांच्या पाठी आणि त्यांच्यापुढे कुंपण. परतीच्या गाडीत मी चिडून बसले होते. दुसऱ्यांदा गेले ती पहाटे, आणि तेव्हापासून जातेच आहे. म्हणून कसं जायचं ते सविस्तर सांगते.

आधी हे लक्षात घ्या की इसे जिंगू म्हणजे एक देऊळ नाही. लहानमोठी मिळून 125 देवळं आहेत. त्यातली मुख्य दोन: गेकू, म्हणजे बाहेरचं, आणि नाइकू, म्हणजे आतलं. दोघांत चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे. गेकूत तोयोउके ही अन्न-वस्त्र-निवाऱ्याची देवता, नाइकूत आमातेरासू. रीत अशी की आधी गेकू, मग नाइकू. बहुतेक प्रवासी वेळ नाही म्हणून गेकू गाळतात. तसं करू नका. का, ते पुढे येईलच.

नागोयाहून किन्तेत्सु कंपनीच्या जलद गाडीनं इसेशी स्टेशनला पोहोचायला साधारण एक तास वीस मिनिटं लागतात. ओसाकाहूनही थेट गाड्या आहेत, पावणेदोन तासांच्या. जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा, पास असेल आणि जेआरच्याच गाडीनं नागोयाहून निघालात, तर मधला थोडा रूळ दुसऱ्या कंपनीचा आहे. त्याचे पैसे गाडीत वेगळे द्यावे लागतात, सुटे येन जवळ असू द्या. पण माझा आग्रह असा, की त्याच दिवशी जाऊन त्याच दिवशी परतायचा बेत करू नका. आदल्या संध्याकाळी पोहोचा, स्टेशनजवळ झोपा. जिंगू पहाटे पाचला उघडतं. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते: मे ते ऑगस्ट संध्याकाळी सातला, ऑक्टोबर ते डिसेंबर पाचला, बाकीच्या महिन्यांत सहाला. आत जायला तिकीट नाही.

पायांत बूट हवेत, आणि जुने, सवयीचे हवेत. सगळी वाट खडीची आहे, पाऊल टाकलं की रुततं आणि करकर वाजतं. चपला काढायची गरज कुठेच नाही. आई दर तोरिईपाशी वाकून सँडल काढायला लागायची, मला दर वेळी थांबवावं लागायचं. तोरिई म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेलं प्रवेशद्वार. त्याच्याखालून जाण्याआधी थांबून किंचित वाकायचं. हार, नारळ, उदबत्ती काही नेऊ नका, ते वाहण्याची पद्धतच नाही. आत खाणं आणि सिगारेट चालत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी प्रवेशाजवळच्या चौकीवर चाकाची खुर्ची विनामूल्य मिळते. मागायला संकोच करू नका, खडीवर अर्ध्या तासानंतर चांगल्या चालणाऱ्याचेही पाय भरून येतात.

इसेशी स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच्या सरळ रस्त्यानं पाच-सात मिनिटांत गेकू येतं. छोटा पूल ओलांडला की गाव संपतं. अगदी खरंच संपतं, दहा पावलांत हवा गार होते. इथे वाटेच्या डाव्या बाजूनं चालायचं. नाइकूत उजव्या बाजूनं. कारण साधं आहे: हात-तोंड धुण्याची जागा गेकूत डावीकडे आहे, नाइकूत उजवीकडे. मधोमध चालू नका, मधली वाट देवाची मानतात.

हात धुण्याची रीत एकदा नीट शिकून घ्या, मग जपानातल्या कुठल्याही देवळात उपयोगी पडते. ओगराळं उजव्या हातात घेऊन एकदाच पूर्ण भरायचं. त्या एका ओगराळ्यातल्या पाण्यात सगळं उरकायचं असतं. आधी डावा हात, मग ओगराळं डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्यायचं आणि चूळ भरायची. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही. मग डावा हात पुन्हा धुवायचा, आणि शेवटी ओगराळं उभं धरायचं, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. ही शेवटची कृती मला फार आवडते.

आता गेकू का गाळायचं नाही ते. इथे रोज दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, देवांना जेवण वाढलं जातं. नैवेद्य नव्हे, जेवणच: भात, पाणी, मीठ, मासे, समुद्री शेवाळ, भाज्या, फळं आणि साके ही तांदळाची दारू. हे सुमारे पंधराशे वर्षं चालू आहे असं जिंगू सांगतं. विस्तव लाकडावर लाकूड घुसळून रोज नव्यानं पाडतात, पाणी ठरलेल्या एका विहिरीचं, तांदूळ जिंगूच्या स्वतःच्या शेतातला, मीठ जवळच्या फुतामी गावात बनवलेलं. त्यामागची कथा अशी की आमातेरासू सम्राट युर्‍याकूच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, मी इथे एकटी आहे, मला सुखानं जेवता येत नाही, तांबा प्रांतातून तोयोउकेला बोलावून घे. ही गोष्ट मी आईला तिथेच, सुगी नावाच्या उंच सूचिपर्णी झाडाखाली सांगितली. तिनं लगेच मान डोलावली. "एकटीला जेवण जात नाही गं," एवढंच म्हणाली. बाबा गेल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. देवी कुठाय हा प्रश्न तिनं नंतर नाइकूत विचारला खरा, पण मला वाटतं तिची आणि देवीची ओळख आधी गेकूतच झाली होती.

तुम्ही सकाळी लवकर गेलात आणि नशीब असेल, तर या स्वयंपाकघराच्या छपरातून झाडांमध्ये धूर वर जाताना दिसतो. जेवण वाढायची सकाळची वेळ उन्हाळ्याच्या सहामाहीत आठ आणि हिवाळ्यात नऊ. पांढऱ्या कपड्यांतले पुजारी लाकडी पेटी घेऊन जातात, तेव्हा बाजूला उभं राहून मान लववायची, फोन खाली ठेवायचा.

गेकूच्या मुख्य देवळाशेजारी एक रिकामी जागा आहे. पांढरी खडी अंथरलेली, मध्ये एक छोटी लाकडी खोप. बहुतेक लोक तिच्याकडे न बघता पुढे जातात. तुम्ही थांबा. दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर तसंच देऊळ नव्यानं बांधायचं आणि देवतेला तिथे न्यायचं, असा इथला नेम आहे. पहिल्यांदा हे झालं 690 साली, सम्राज्ञी जितोच्या काळात. मध्ये युद्धांच्या काळात शंभराहून जास्त वर्षं खंड पडला, पण नेम पुन्हा सुरू झाला. 62वं स्थलांतर 2013 साली झालं, पुढचं 2033 साली आहे आणि त्याचे विधी 2025 पासूनच सुरू झाले आहेत. ही रिकामी जागा म्हणजे देवळाची आधीची आणि पुढची जागा. लाकूड हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, खांब पायाच्या दगडावर न ठेवता सरळ जमिनीत पुरलेले, छप्पर गवतानं शाकारलेलं. असं घर दमट हवेत किती टिकणार? म्हणून पुन्हा बांधायचं. वीस वर्षांत एका पिढीचा सुतार दुसऱ्या पिढीला हात कसा चालवायचा ते दाखवू शकतो, हेही त्यात येतं. गेकूच्या आवारातच सेंगूकान नावाचं संग्रहालय आहे. तिथे गेकूच्या मुख्य देवळाचा एक भाग पूर्ण आकारात बांधून ठेवला आहे. पडद्यामागचं काही बघण्याची इच्छा असेल तर ती इथे भागवा. लाकडाचे सांधे मी नाक लावून बघत बसते.

गेकूत वर ताका-नो-मिया नावाचं एक देऊळ आहे, 98 दगडी पायऱ्या चढून. गुडघे धड असतील तरच जा.

गेकूसमोरून नाइकूला बस आहे, पंधरा-वीस मिनिटांत पोहोचवते. पहाटे बस नसते, तेव्हा टॅक्सी. महिन्याच्या 1, 11 किंवा 21 तारखेला गेलात, तर आठच्या सुमाराला नाइकूत असण्याचा प्रयत्न करा. त्या दिवशी जिंगूचा पवित्र घोडा झूल पांघरून मुख्य देवळापाशी नमस्काराला येतो. पाऊस असेल किंवा घोड्याची तब्येत बरी नसेल तर येत नाही. मी एकदाच पाहिला, पांढरा होता. देवळापाशी त्यानं मान खाली घातली तेव्हा भोवतीचे सगळे आपोआप वाकले.

नाइकूत शिरायचं ते उजी पुलावरून. 101.8 मीटर लांबीचा हिनोकीचा पूल, खाली इसुझू नदी. हाही वीस वर्षांनी नवा होतो, शेवटचा 2009 साली झाला. पुलाच्या दोन्ही टोकांना तोरिई आहेत. त्यांचे खांब नीट बघा, त्यांच्याविषयी शेवटी सांगायचं आहे. डिसेंबरात, दिवस सर्वांत लहान असतो त्या आठवड्यात, सूर्य बरोबर तोरिईच्या मधोमध उगवतो. ते बघायला खूप गर्दी असते. मी थंडीत दीड तास उभी राहिले आहे आणि पुन्हा राहीन.

पूल ओलांडला की उजवीकडे वळा. रुंद वाट, छाटलेली पाइनची झाडं, मग दुसरा पूल आणि मग एकदम जंगल. इथे उजवीकडे नदीकडे उतरणारी वाट आहे, तिथे दगडी फरशा थेट पाण्यात गेल्या आहेत. शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, त्सुनायोशीच्या आईनं, केइशोइननं, 1692 साली त्या दिल्या असं सांगतात. हात धुण्याची बांधलेली जागा अलीकडे आहेच, पण मी दर वेळी नदीवरच धुते. तिथे रीत नाही, ओगराळं नाही, नुसतं वाकायचं आणि हात पाण्यात घालायचे. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजता येतात. लोक नाणी टाकतात. टाकू नका, आणि गोटे उचलूनही आणू नका. आई त्या शेवटच्या फरशीवर उकिडवी बसली होती, पदर कमरेला खोचून, आणि बराच वेळ उठलीच नाही. मी घाई केली नाही. तुमच्याबरोबर वयस्कर माणूस असेल तर या ठिकाणासाठी वीस मिनिटं राखून ठेवा.

मग झाडं. जुनी सुगीची झाडं आहेत, काहींचे बुंधे चार माणसांच्या कवेत येणार नाहीत. वाटेलगतच्या बुंध्यांकडे बघा: माणसाच्या हाताच्या उंचीवर साल गुळगुळीत झाली आहे, चकाकते. वर खाली खरखरीत आणि मध्ये एक घासलेला पट्टा. शक्ती मिळते म्हणून लोक येता-जाता तळवे लावतात. हात लावावासा वाटतो हे मला कळतं, मलाही वाटायचं. पण तो पट्टा पाहिल्यापासून मी लावत नाही, माझ्या पाहुण्यांनाही लावू देत नाही. झाडाच्या मुळांवरही उभे राहू नका. हे जंगल आपोआप असंच राहिलेलं नाही. यात्रेकरूंच्या सरपणासाठी मागचे डोंगर एके काळी बोडके झाले होते, इसुझूला पूर यायचे. 1923 साली जिंगूनं ठरवलं, की देवळाला लागणारं हिनोकी आपल्याच डोंगरात वाढवायचं, दोनशे वर्षांच्या हिशोबानं. लावणाऱ्यातला एकही माणूस ते लाकूड बघणार नव्हता. जिंगूची एकूण जमीन सुमारे 5,500 हेक्टर आहे आणि तिच्यातला बहुतेक भाग हेच रान.

मुख्य देऊळ दगडी पायऱ्यांवर आहे. फोटो पायऱ्यांच्या खालूनच काढायचे, वर अजिबात नाही. टोपी काढा. रांगेत मधली जागा धरण्याचा हट्ट नको, बाजूला उभं राहून केलेला नमस्कारही तितकाच पोहोचतो. कमरेतून दोनदा पूर्ण वाका. हात छातीसमोर जोडा, उजवा तळवा किंचित खाली सरकवा, दोनदा टाळी वाजवा, बोटं पुन्हा जुळवा, आणि मग जे म्हणायचं ते मनात म्हणा. शेवटी एकदा वाका. इथे मागणं मागत नाहीत, फक्त आभार मानतात. लोक आवडीनं पाच येनचं नाणं वाहतात, कारण जपानीत "गो एन" म्हणजे पाच येन आणि ऋणानुबंधही. भविष्याच्या चिठ्ठ्या, ज्या इतर देवळांत सर्रास मिळतात, त्या इथे नाहीत. इसेला येणं झालं हेच भाग्य, असं त्यावर म्हणतात.

टाळी वाजवून झाल्यावर लगेच निघू नका, पडद्याकडे बघा. आम्ही उभे असताना वाऱ्याची एक झुळूक आली, पडदा वीतभर उचलला गेला आणि पुन्हा बसला. आत फक्त पांढरी खडी आणि आणखी एक दार दिसलं. आईनं हात जोडले. "देवी कुठाय" हे ती त्याच्या आधी म्हणाली होती. नंतर काही विचारलं नाही.

मनात मागणं असेलच, तर ते आरामात्सुरी-नो-मियात मागायचं. मुख्य देवळाच्या मागे, पायऱ्या उतरून-चढून पाच मिनिटांवर. इथे आमातेरासूचं उग्र, कर्तं रूप आहे असं मानतात. वाटेत तांदळाचं कोठार लागतं, मुख्य देवळाच्याच घडणीचं आणि अगदी हाताच्या अंतरावर. छपराच्या टोकांवर आकाशात घुसलेल्या लाकडांच्या फुल्या, आढ्यावर आडवे ओंडके, सगळं निवांत बघता येतं. बिननक्षीचं, बिनरंगाचं. नाइकूच्या मुख्य देवळावर असे दहा ओंडके आहेत, गेकूच्या नऊ. फुल्यांची टोकं नाइकूत आडवी कापलेली आणि गेकूत उभी. कोठारापुढच्या पायऱ्यांवर एक फुटलेला दगड आहे, त्यावर पाय देत नाहीत.

देवळोदेवळी शिक्के घ्यायची वही असते, तिच्यावर इथला शिक्का घेणार असाल तर मनाची तयारी ठेवा: फक्त लाल ठसा आणि तारीख, बाकी कागद कोरा. माझ्या वहीतलं सगळ्यांत सुंदर पान तेच आहे. परतीच्या वाटेवर कोंबडे फिरताना दिसतील. तेही जिंगूचेच, त्यांना खायला घालू नका.

बाहेर आलात की भूक लागलेली असते. पुलाजवळच ओहाराइमाची ही जुनी पेठ आहे. नदीकाठचं आकाफुकू या मिठाईचं मुख्य दुकान पहाटे पाचला उघडतं. 1707 पासूनचं. मऊ मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यावर, लाल चवळीसारख्या आझुकीच्या गोड पुरणाचा थर, त्यावर बोटांनी उठवलेल्या तीन रेघा. रेघा म्हणजे इसुझूचा प्रवाह, खालची पांढरी मोची म्हणजे तळाचे गोटे. आपण सकाळी हात घातला ती नदीच. शाकाहारी लोकांनी हे बिनधास्त खावं. इसे उदोन मात्र विचारून घ्या: शेवया जाड, मऊ आणि पोटाला सोप्या, पण तो काळा रस्सा माशाच्या अर्काचा असतो. दहानंतर पेठ भरायला लागते, त्याच्या आत निघा.

आणि नागोयाकडे परतत असाल, तर घाई नसल्यास कुवानाला उतरा. स्टेशनपासून नदीकाठी चालत वीस-पंचवीस मिनिटं. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, तोकाइदो रस्त्यानं चालत येणारे यात्रेकरू नागोयाजवळच्या मियाहून होडीत बसायचे आणि सात री, म्हणजे 28 किलोमीटरचं पाणी ओलांडून इथे उतरायचे. धक्क्यावर एक तोरिई आहे, इसेचं पहिलं दार. त्याचे दोन खांब 1973 साली गेकूच्या मुख्य देवळात आढ्याखाली उभे राहिले. 1993 साली देऊळ नवं झालं, तेव्हा ते तासून उजी पुलाच्या बाहेरच्या टोकाला तोरिई म्हणून लावले. पुलावर आज जे आहेत ते 2013 पर्यंत देवळात होते. त्यांना जागा करून देऊन हे जुने खांब कुवानाला आले. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, चिखलावर बगळे होते. आई तोरिईसमोर उभी राहिली, खांब खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे हे आतले ना गं? पडद्यामागचे?"

हो म्हटलं. तिनं पर्स माझ्याकडे दिली आणि दोन टाळ्या वाजवल्या.